छत्री, बोका, किल्ली

शाळेत तिला हळूबाई म्हणत. पोरगं धडा वाचायला उभं राहिलं आणि सुसाट सुटलं की ही म्हणायची, "हळू, कुणी पाठीमागं लागलंय का तुझ्या?" पोरांनी त्यावरून नाव पाडलं. पोरांकडून ते आयांकडं गेलं आणि शेवटी घरात शिरलं. सासू खाटेवरून हाक मारायची, "हळूबाई, चहा आजच्या आज मिळंल ना?"

नवरा शिंपी. पुढची खोली त्याच्या मशीनची, मधली सासूच्या खाटेची आणि मागं ओट्याखाली पत्र्याच्या डब्यात हिची गोष्टीची पुस्तकं. डब्यात अशासाठी, की बाहेर ठेवली तर झुरळं पानांच्या कडा खायची. माणसं खात नव्हतीच. वाचतही नव्हती.

शाळा दोन खोल्यांची. दुसऱ्या खोलीतले गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मधलं दार काढून टाकून हळूबाई दोन्ही खोल्या सांभाळायची. इकडं पाढे, तिकडं कविता, आणि चौकटीत उभी राहून दोन्हीकडं डोळे.

एक दिवस वरच्या ऑफिसातून साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. खोक्यातून त्यांनी पाच-सहा टॅब काढून टेबलावर मांडले. आत वाचायचं ॲप होतं. त्यात गोष्टी होत्या, चित्रं काढायला रंग होते, आणि पोरानं स्वतः केलेल्या पुस्तकात स्वतःचा आवाज भरायची सोय होती.

साहेब म्हणाले, "मॅडम, सरळ सांगतो. पोरं कमी आहेत. वर्षअखेरपर्यंत पोरं वाचताना दिसली तर शाळा राहील. नाहीतर मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करावी लागेल."

"दिसली म्हणजे कुणाला दिसली?"

"यात," साहेबांनी टॅबवर टिचकी मारली.

मोठ्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक धावायचे. इस्त्रीवालीनं तर शाळेच्या दारात येऊनच सांगितलं, "बाई, शाळा पलीकडं गेली तर माझी पोर घरी बसंल. ती एकटी रस्ता ओलांडत नाही आणि तिचं बोट धरायला मला तिसरा हात नाही."

तिची पोर म्हणजे मुकी. मुकी बिकी नव्हती ती. घरी आईशी दोन-चार शब्द बोलायची. पण शाळेत आली की तोंडाला कुलूप. हजेरीला नुसती मान हलवायची, आणि आठवड्यातून दोनदा यायचीच नाही.

टॅब आले आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. ॲपमध्ये प्रत्येक पोराचं खातं वेगळं आणि प्रत्येकाला पासवर्ड म्हणून तीन चित्रं. ती ओळीनं दाबली तरच आत जाता यायचं. पोरांनी चित्रं एकमेकांत विकली, बदलली, विसरून गेली. मोठ्या आवाजाचा भोंगा म्हणायचा माझा हत्ती पहिला, र ला ल म्हणणारा बोबडा म्हणायचा तो माझा. तीनदा चुकलं की टॅब रुसून बसायचा. तास संपायचा आणि एक गोष्ट उघडलेली नसायची. भोंगा तर एकदा तिसऱ्या चुकीनंतर टॅबला हात जोडून उभा राहिला.

चित्रं पाठ होती फक्त मुकीला. छत्री, बोका, किल्ली. कुणी विचारायच्या आत तिनं आपला टॅब उघडला. मग शेजारचा. मग पलीकडचा. सगळे टॅब तिच्याच खात्यात उघडले आणि वर्ग वाचायला बसला.

हळूबाईनं विचार केला, वर्ग एक, पुस्तकं तीच, मग आत शिरताना नाव कुणाचं का असेना. आणि तोच रिवाज पडला. गोष्टींचा तास आला की बाई म्हणायची, "मुकी, उघड." मुकी उठायची, एकेका टॅबपाशी जाऊन तीन टिचक्या मारायची आणि जागेवर येऊन बसायची. तिनं शाळा बुडवायचं सोडलं. ताप असला तरी यायची.

इस्त्रीवाली एकदा म्हणाली, "काय जादू केली बाई? पोर माझ्या आधी उठून बसते."

"मी काही केलं नाही. शाळा तीच उघडते, मी आपली खडू धरते."

पोरं वाचायला लागली. आधी गंमत म्हणून, मग पुढं काय झालं म्हणून. बोबडा वाचता वाचता भांडायचा, "बाई, हा लाजा खोटं बोलतोय." मग त्यांनी स्वतःचं पुस्तक केलं, विहिरीत पडलेल्या बोक्याचं. एकेकानं एकेक पान घेतलं. बोका सगळ्या पानांवर मुकीनं काढायचा, कारण बाकीच्यांचा बोका कधी डुक्कर व्हायचा तर कधी उशी. आवाज ज्याचा त्याचा. शेवटचं पान मुकीचं होतं. बोका वर येतो ते. ती टॅब घेऊन दाराबाहेर गेली, पायरीवर बसली, बटण दाबलं, बराच वेळ तशीच बसली आणि आत येऊन टॅब परत दिला.

घरी सासू विचारायची, "दिवसभर काच पुसता म्हणं शाळेत. आमची खिडकी कधी पुसायची?"

नवरा मशीनवरून म्हणायचा, "आई, शाळा राहिली तर पगार जवळचा राहील. पुसू दे."

वर्षअखेरीला साहेब आले. त्यांनी आपला लॅपटॉप उघडला आणि आकडे खालीवर करून बघितले.

"मॅडम, तुमच्या शाळेत एका मुलीनं ॲपमधली सगळी पुस्तकं वाचलीत. काही तर पाच-पाच वेळा. बाकीची पोरं वर्षभर काय करत होती?"

हळूबाईनं सगळं सांगितलं. पासवर्ड, हत्ती, रुसलेला टॅब, मुकीच्या टिचक्या. साहेबांनी कपाळ चोळलं.

"म्हणजे वर्गाचं सगळं एकाच खात्यात?"

"हो. ज्याचं त्याला वाटून देता येईल का?"

"वाटणी होत नाही यात."

"मग तुम्ही ऐका ना. समोर बसलीयत. कुणालाही उठवा."

साहेबांनी बोबड्याला उठवलं. त्यानं पानभर वाचलं, कुठं थांबला नाही. साहेब हसले, "छान वाचतोस रे." मग बाईकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मी मानतो. पण मी मानून काय उपयोग? वर पाठवायला मला यातलाच आकडा लागतो, आणि यात वाचणारी पोरगी एकच आहे."

"चूक झाली असं लिहून दिलं तर?"

"तर चुकीचं खातं पुसून टाकतात. आतल्या सगळ्यासकट. मग एकीचंही उरणार नाही."

जाता जाता त्यांना राहवलं नाही. मुकीपुढं वाकून म्हणाले, "बाळ, तू तरी वाचून दाखव. एवढी पुस्तकं आहेत तुझ्या नावावर."

मुकीनं टॅब घेतला. छत्री, बोका, किल्ली. टॅब उघडला आणि तिनं तो साहेबांच्या हातात दिला. तिचं काम झालं होतं. साहेब वाट बघत राहिले. ती बाईकडं बघत राहिली, आता काय राहिलं, अशा नजरेनं.

"लाजते," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

शाळा पलीकडच्या शाळेत विलीन झाली. फळा कुणीतरी नेला, पत्रे तसेच राहिले. निम्मी पोरं पलीकडं गेली, निम्मी कुठं कुठं पांगली. भोंगा मामाकडं गेला. हळूबाईची बदली पलीकडच्याच शाळेत झाली. ती सकाळी रस्त्याच्या कडेला उभी राहते, ट्रक थांबले की धावते. शिकवायला तिला दुसऱ्याच इयत्ता आल्या.

एकदा येताना ती इस्त्रीच्या गाड्यापाशी थांबली. मुकी शर्टाच्या घड्या घालत होती. कॉलर आत, बाह्या मागं, हात सराईत झालेला.

"घेऊन जाते मी रोज हिला. माझं बोट आहे की," बाई म्हणाली.

इस्त्रीवालीनं निखारे हलवले. "सकाळी तुम्ही न्याल. दुपारी तुमची मिटिंग निघंल, मग? आणि आता हात बसलाय तिचा कामावर. राहू द्या बाई."

बाईनं पिशवीतून नव्या शाळेचा टॅब काढला आणि मुकीपुढं धरला. मुकीनं बोट फ्रॉकला पुसलं. तीन टिचक्या मारल्या. खातं होतं अजून. विहिरीच्या पुस्तकावरचा बोका आला. मुकीनं त्याच्याकडं बघितलं, टॅब बंद केला, परत दिला आणि पुढचा शर्ट ओढला.

पुढच्या आठवड्यात सगळ्या शाळांच्या शिक्षकांना ऑफिसच्या हॉलमध्ये प्रशिक्षणाला बोलावलं. एक तरुण ताई शिकवत होत्या. ॲपमधून मुलं काय करू शकतात याचा नमुना म्हणून त्यांनी पडद्यावर विहिरीतल्या बोक्याचं पुस्तक लावलं.

"हे एकाच मुलीनं केलंय. चित्रं तर बघाच, पण कान द्या. एकटीनं किती आवाज काढलेत."

पान उलटलं की आवाज बदलायचा. बोबड्याचा ल झालेला र. भोंग्याचा असा, की ताईंनी स्पीकर बारीक केला. एकीची सर्दी, शब्दाशब्दाला नाक ओढणं. हॉल हसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मास्तरांनी हळूबाईला विचारलं, "तुमच्याच शाळेतली ना? नशीब लागतं अशी मुलगी मिळायला."

"हो," हळूबाई म्हणाली.

एकदा उठावं असं तिच्या पायांत आलं. मग साहेबांचं पुसून टाकायचं बोलणं आठवलं आणि ती पदर आवळून बसून राहिली. ती पोरं आता एका जागी कुठं बसलेली असतील तर ती तिथंच, त्या पडद्यावर.

शेवटचं पान आलं. विहिरीच्या काठावर ओला बोका, शेपटीतून पाणी गळणारा. ताईंनी बटण दाबलं. थोडी खरखर झाली. कुणीतरी श्वास घेतला, सोडला, परत घेतला. लांबवर एका ट्रकचा हॉर्न.

"इथं काही रेकॉर्ड झालेलं दिसत नाही," ताई म्हणाल्या आणि पुस्तक बंद करून पुढच्या विषयाकडं वळल्या. मुलांकडून ज्याचा त्याचा पासवर्ड कसा पाठ करून घ्यावा.