लॉनला लागली हळद

"लागली हळद!"

काकू असं ओरडल्या तेव्हा मी त्यांच्या लॉनवर पहिल्यांदाच फोटोच्या कामाला गेलो होतो आणि कोपऱ्यात बसून कॅमेऱ्याला बॅटरी लावत होतो. नवरीला हळद लागली आणि आपण इथं टिवल्याबावल्या करतोय, आता मुलीचा बाप आपली चांगलीच हजेरी घेणार, या धास्तीनं मी धावत सुटलो. जाऊन पाहतो तर नवरी खोलीत निवांत बसून चहात बिस्किट बुडवून खातेय. आणि काकू बाहेर, लॉनच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून खाली पाहताहेत. गवतात ताटाएवढा पिवळा डाग होता.

"कोणाला लागली हळद?" मी विचारलं.

"याले," गवताकडे बोट दाखवत काकू म्हणाल्या. "अन् लावणारी पाह्य कशी बसली हाय. जसं काही हिचंच लगन हाय!"

लावणारी म्हणजे एक तांबडी कुत्री. स्टेजच्या सावलीत पाय पसरून बसली होती आणि काकूंकडे मोठ्या प्रेमानं पाहत होती.

लॉन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बंगल्यापुढचं गवत येत असेल, तर तुम्ही आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले नाही. आमच्याकडे लॉन म्हणजे लग्न लावायची जागा. तिथं गवताची काडी असलीच पाहिजे असा काही नियम नाही. मुरूम दाबायचा, वर हिरवी मॅट अंथरायची, फाटकावर कमान ठोकायची, की झालं लॉन. पण आर्णीहून महागावकडे जाताना डाव्या हाताला काकूंचं जे लॉन आहे, त्यात खरंखुरं गवत होतं. आणि त्या गवताचा काकूंना जो ताठा होता, तो काही विचारू नका.

ते गवत म्हणजे हरळी. ज्या बाईनं उभा जन्म कपाशीतली हरळी निंदून काढली, तिच्या मुळ्या खुरप्यानं खणून बांधावर फेकल्या, त्याच बाईनं म्हातारपणी बांधावरची हरळी वेचून आणून आपल्याच वावरात, आता जिथं हे लॉन आहे त्या शेतात, लावली. "जिंदगीभर इले शिव्या देल्या," त्या हसत सांगायच्या, "अन् आता हात जोडून म्हणून राह्यली, ये माय, वाढ."

कुत्रीचं नाव करवली. तेही काकूंनीच ठेवलेलं. जेठातल्या शेवटच्या लग्नाला बोरी अरब गावाहून वरात आली, तेव्हा सामानाच्या टेम्पोतून ही उतरली. वरात नवरीला घेऊन परत गेली आणि ही इथंच राहिली. पुढं "ए करवले, ऊठ तिथून!" अशी काकूंची हाक आली की नटूनथटून बसलेल्या दोन-चार खऱ्या करवल्या दचकून उठायच्या. एकीला तर रडूच फुटलं होतं. तिची समजूत घालता घालता नवरदेवाच्या आईला घाम फुटला.

पावसाळाभर कोणाला काही कळलं नाही, कारण करवली लॉनवर बसून जे करायची ते पाऊस धुऊन न्यायचा. पाऊस गेला आणि डाग उठले. मी गेलो ते लग्न बौद्ध कुटुंबातलं होतं, त्यांना मुहूर्ताची अडचण नसते, म्हणून दसरा झाल्या झाल्या होतं. पुढं तुळशीचं लग्न लागलं की सगळा सीझन सुरू होणार होता. त्याच्या आधी लॉनला असे पिवळे डाग पडायला लागले, म्हणजे घरात भांडण ठरलेलंच.

काकूंनी त्या सकाळी जे केलं, ते आमच्या भागातल्या कोणीही केलं असतं. पिवळं दिसलं की युरिया! कपाशी पिवळी पडली, टाक युरिया. ऊस पिवळा पडला, टाक युरिया. माणूस पिवळा पडला तरी आमची माणसं क्षणभर विचार करतील. काकूंनी आतून डबा आणला, डागावर मूठभर दाणे टाकले आणि हात झटकले.

"आता पाह्यजो फोटोवाल्या. तू अल्बम घेऊन येशीन तवा इथं गवत कसं डोलून राह्यलं असंन."

मी अल्बम घेऊन गेलो तेव्हा तिथं गवत नव्हतंच. डाग करपून काळा झाला होता आणि आधीपेक्षा मोठा झाला होता. काकू खतवाल्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडत होत्या. "डुप्लिकेट माल देला मेल्यानं!" त्यांचं चुकलं असेल, ही शक्यता त्यांच्या घरात कोणी बोलून दाखवत नसे. मीही नाही दाखवली. मला पुढची ऑर्डर हवी होती.

पण काकूंचं एक होतं. त्या मान्य करायच्या नाहीत, पण पाहायचं सोडायच्या नाहीत. थोड्या वेळानं त्या करवलीच्या दुसऱ्या एका डागाशी उकिडव्या बसल्या आणि मला हाक मारली. "ए, इकडं ये. हे काठानं पाह्य बरं."

त्या डागाभोवती गवताचं कडं होतं. बाकीच्या लॉनपेक्षा हिरवं, उंच, माजलेलं.

"मधात जळलं अन् काठाले माजलं," काकू म्हणाल्या. "आपण कपाशीच्या बुडाशी लय युरिया टाकला अन् पाणी नाही आलं, तं काय होते?"

"झाड करपतं."

"अन् दूर जे थोडंसं जाते, तिथं?"

"हिरवं होतं."

"म्हंजे हे पोट्टी युरियाच टाकून राह्यली न बाप्पा! अन् मी त्याच्यावर अखीन टाकला!" असं म्हणून त्या स्वतःच्याच कपाळावर हात मारून इतक्या हसल्या, की त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला. खतवाल्याची मात्र त्यांनी शेवटपर्यंत माफी मागितली नाही.

त्यांचा मुलगा विनोद याला हे हसणं काही आवडलं नाही. बुकिंग तो पाहायचा. त्या आठवड्यात नवरदेवाकडचे एक पाहुणे लॉन पाहायला आले होते आणि डागांकडे पाहून त्यांनी "इथं म्हशी बांधता का?" असं विचारलं होतं. बुकिंग गेलं. विनोद काही दुष्ट माणूस नाही, पण ते वाक्य त्याला फार झोंबलं.

"माय, कुत्री ठेवायची असंन तं मी सगळं खरं गवत काढून प्लास्टिकचं टाकतो," तो माझ्यासमोरच म्हणाला. "खरं गवत पाह्यजे असंन तं हिले महागावले मावशीच्या वावरात नेऊन सोडतो. दोन्ही नाही जमत."

काकूंनी करवलीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "तुळशीच्या लगनापर्यंत थांब. त्या दिवशी एक जरी डाग दिसला, तं तूच हिले गाडीत घाल. मी अडवणार नाही."

विनोद गेल्यावर मी म्हटलं, "काकू, जाऊ द्या ना. वावरात सुखानं राहील ती."

"ते राहीन रे," काकू म्हणाल्या. "माझं काय? हे गेले तवापासून मी बोलली तं घरातले सगळे मोबाइलकडं पाहून हूं हूं करतेत. हे एकटी माझ्या तोंडाकडं पाह्यते." आणि लगेच माझ्यावर आवाज चढवून, "पाह्यतं काय माझ्याकडं? काम नाही का तुले?"

त्यानंतर जो तो शहाणपण शिकवायला आला. कोणी सांगितलं, निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, कुत्री जवळ येत नाही. काकूंनी बाटल्या मांडल्या. करवलीनं पहिली बाटली हुंगली आणि तिला टेकूनच बसली. मी मोबाइलवर वाचून सांगितलं, जेवणात टोमॅटो द्या. करवलीला टोमॅटोचा भात भलताच आवडला. डाग पडायचे तसेच पडत राहिले, कुत्री तेवढी गुबगुबीत झाली.

शेवटी काकूंनी सगळ्यांना हाकलून दिलं आणि आपलं आपण सुरू केलं. स्वयंपाकाच्या शेडमागं मुरमाचा एक तुकडा मोकळा होता. करवलीनं ओली केलेली माती खुरप्यानं उचलून त्यांनी तिथं नेऊन टाकली, म्हणजे तिला वास ओळखीचा यावा. मग उजाडलं की गळ्यात दोरी बांधून तिला तिकडे न्यायचं आणि उभं राहायचं. "बस माय. बस इथं. कोणी नाही पाहत." करवली आभाळाकडे पाहायची, कावळ्यांकडे पाहायची, बसायची मात्र नाही. एका सकाळी बँडवाले सराव करायला आले होते, तर काकूंनी त्यांना दरडावून गप्प केलं. "थांबा रे! तिचं ध्यान उडून राह्यलं!" आठ-दहा माणसं तुताऱ्या खाली धरून चुपचाप उभी आणि सगळ्यांचं लक्ष कुत्रीकडे, असं दृश्य तुम्ही कुठं पाहिलंय का? मी पाहिलंय. आणि करवली बसली तेव्हा ढोलवाल्यानं आपणहून एक थाप मारली. काकूंनी तिला भाकरीचा तुकडा दिला, ढोलवाल्याला चहा.

तरीही ती कधी लॉनवर बसलीच, तर काकू बादली आणि मग्गा घेऊन मागं तयार. ती उठली रे उठली की त्या जागेवर पाणी. एक मग्गा नाही, चांगलं भरपूर, माती भिजून खाली उतरेपर्यंत. "युरिया पातळ झाला की खत, नाही तं जहर," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. जुने करपलेले डाग त्यांनी खरवडून काढले, तिथं पाणी सोडून सोडून जमीन धुतली आणि काठची हरळी मध्ये टोचली. हरळीच ती, नाही म्हणते का!

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी विनोदनं मला सकाळीच बोलावून घेतलं. नव्या बॅनरसाठी लॉनचे फोटो हवे होते. आदल्या दिवशी तिथं एक साखरपुडा झाला होता आणि सीझनच्या तयारीला आठवडाभर रोज येत असलेले मांडववाले खुर्च्या उचलत होते. विनोद हळूहळू सगळं लॉन फिरला. काकू फाटकाजवळ करवलीची दोरी हातात घेऊन उभ्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या.

"माय," स्टेजच्या मागून विनोदचा आवाज आला. "इकडं ये."

स्टेजमागं, भिंतीच्या कडेला, गवत पिवळं पडलं होतं. विनोदलाही काही आनंद झाला नव्हता. तो खालीच पाहत होता. काकू आल्या, डाग पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी दोरी विनोदच्या हातात दिली. शब्द दिला म्हणजे दिला. करवली विनोदकडे पाहून शेपटी हलवायला लागली, तिला वाटलं फिरायला चाललो.

विनोद दोन पावलं गेला असेल नसेल.

"थांब बरं!" काकू डागाशी वाकल्या होत्या. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग भिंतीवर बोट फिरवलं. भिंतीवर एक ओघळ सुकलेला होता. चांगला वर, विनोदच्या मांडीच्या उंचीवर.

"हे करवलीचं नाही," काकू म्हणाल्या. "ते बसते, ताटाएवढं गोल करते. हे लांब हाय अन् भिंतीवरून खाली आलं हाय. रोजचं दिसते. हे उभ्यानं केलेलं हाय!"

मग मांडववाल्यांपैकी एक जण हळूच खुर्च्यांची चळत उचलून लांब चालता झाला. त्याचे कान लाल झाले होते.

"आता सांग," काकू विनोदला म्हणाल्या, "याले कोणत्या गाडीत घालतं? महागावची मावशी ठेवीन का?"

मी खाली बसून हसलो. विनोद भिंतीला टेकून हसला, हसता हसता त्याच्या हातातली दोरी कधी सुटली त्यालाही कळलं नाही. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी करवलीच्या गळ्यात हात घातले, तोंड तिच्या मानेत खुपसलं आणि रडल्या. मोठ्यानं, लाज न बाळगता. "माझी बाई, माझी बाई," एवढंच म्हणत होत्या.

प्लास्टिकचं गवत त्या लॉनवर कधी आलं नाही. काकूंनी मात्र राखण वाढवली. लग्नात स्टेजमागं खुर्ची टाकून बसायच्या, आणि एखादा पुरुष माणूस तिकडे वळला की गोड आवाजात विचारायच्या, "कुठं चालले पाव्हणे? बाथरूम तिकडं हाय." भल्याभल्यांना मी तिथून माघारी फिरताना पाहिलंय.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. सकाळचा चहा घेऊन ओसरीत टेकल्या त्या उठल्याच नाहीत. मला बातमी कळली तेव्हा मी दुसऱ्या गावी लग्नातच होतो, आणि खरं सांगतो, त्या दिवसाचे माझे अर्धे फोटो हलले.

विनोदचा फोन आला. भिंतीवर लावायला मायचा एक चांगला फोटो पाहिजे, तुझ्याकडं असंनच. असणारच ना! इतकी वर्षं मी त्या लॉनवर फोटो काढले. पण शोधायला बसलो तर कपाळाला हात लावायची वेळ आली. काकू प्रत्येक लग्नात होत्या, पण प्रत्येक फोटोत पाठमोऱ्या. नवरा-नवरीच्या मागे वाकलेल्या. पंगतीच्या कडेला बादली घेऊन चाललेल्या. चेहरा कुठंच नाही. अख्खी बाई माझ्या कॅमेऱ्यातून गवत पाहत निघून गेली होती.

शेवटी एक सापडला. कोणाच्या तरी लग्नातला, संध्याकाळच्या उन्हातला. काकू समोरून, पूर्ण चेहरा, तोंड उघडं, हात वर. कोणावर तरी ओरडताहेत, पण डोळ्यांत नुसतं हसू. इतका जिवंत फोटो मी दुसरा कोणाचा काढलेला नाही. अडचण एवढीच की फोटोच्या खालच्या भागात, ऐन लॉनवर, करवली बसली होती. नुसती बसली नव्हती. कशासाठी बसली होती ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी विनोदला फोटो दाखवला आणि म्हटलं, "खालचा भाग कापतो. फक्त मायचा चेहरा राहील. झकास दिसेल."

त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. करवली त्याच्या पायाशी झोपली होती, म्हातारी झालीय ती आता.

"कुत्री कापू नको," तो म्हणाला.

"अरे, मुततेय ती! हार घालायचा आहे ना या फोटोला?"

"मुतू दे. तिले काढली तं माय कोणावर ओरडून राह्यली, हे कोणाले समजन?"

लॉनच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या समोरच तो फोटो आहे. बुकिंगला आलेली माणसं आधी हात जोडतात, मग त्यांची नजर खाली जाते. हार विनोदनं मुद्दाम आखूड आणलाय, करवली झाकली जाऊ नये म्हणून.