भुंगाही चढा लागला

झाशीत सदर बाजारामागच्या गल्लीत शकुंतलाबाई गाणे शिकवत. त्यांच्या घरी पेटीला दुय्यम मान. "पेटी उन्हात बिघडते, भुंगा बिघडत नाही," असे त्यांचे वडील म्हणत. चैत्रात ओसरीच्या बांबूत काळे भुंगे घर करत, आणि त्यांच्या गुंजारवावरच वडिलांनी मुलीचा कान घडवला होता. तो सूर पेटीतल्या काळी दोन या पट्टीच्या आसपास असतो हे शकुंतलाबाईंना वाद्याविना कळे. या कानावर त्यांचा संसार आणि नाव दोन्ही उभे होते.

यंदा मात्र त्यांची सर्वांत गुणी शिष्या चंपा चढी गाऊ लागली. लक्ष्मी तलावाकाठच्या देवळातल्या उत्सवात ती गाणार होती. आदल्या दिवशी सगळ्यांदेखत बाईंनी तिला थांबवले.

"कानांत बोळे घातलेस का गं? सूर कुठे चाललाय?"

"मौसी, मी तर पेटीबरोबरच गातेय जी!"

"मग पेटीही तुझ्यासारखीच उंडारलेली. उद्या देवळात येऊ नकोस."

चंपा रडत गेली. पेटी चढी वाटते म्हणून वर्षात दोनदा दुरुस्तीला गेली होती आणि दोन्ही वेळा कारागीर म्हणाला होता, "बाईजी, इसमें कुछ खराबी नहीं." बाईंनी त्यालाच ठोंब्या ठरवले होते.

दुसऱ्या सकाळी खरा सूर कोणाचा याचा निकाल लावायला त्या ओसरीत भुंग्यांखाली बसल्या. पहिला भुंगा आला. त्यांना सूर पांढरी चार ऐकू आला, चांगला एका स्वराने वर. दुसरा, तिसरा, लहान, मोठा, सगळे तसेच. त्यांनी शेजारी वाचत बसलेल्या नवऱ्याला विचारले.

"अहो, भुंगे पंख जास्त जोरात मारू लागलेत का?"

जनार्दनपंत शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र खाली न ठेवता ते हसले. "त्यांनी काय शर्यत लावलीय? मोठा भुंगा सेकंदाला दीडशेच्या आसपास पंख हलवतो, तोच तुझा सूर. डास पाचशेच्या घरात, म्हणून कानाशी किरकिरतो. अमेरिकेतला तो इवलासा गुंजनपक्षी पन्नासेक वेळा, म्हणून त्याचा नुसता घुमारा. ज्याचा जसा देह, तसा त्याचा वेग. थोडेफार मागेपुढे होते, पण सगळ्या झाशीचे भुंगे एकदम कसे चढतील?"

बाई उठल्या नाहीत. चंपा चढी, पेटी चढी, आणि आता भुंगाही चढा. तिघांनी संगनमत केले म्हणावे, तर त्यातला एक बांबू पोखरणारा किडा.

"वयाने कान असाही फिरतो म्हणतात, बरोबर सूरही चढा ऐकू येतो," पंत आता वर्तमानपत्र बाजूला ठेवून हळूच म्हणाले.

"ऐकू कमी येणं मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "खोटं ऐकू येतं हे कुणी सांगितलं नव्हतं."

दुपारी त्या स्वतः चंपाच्या दारी गेल्या. तिची आई पाणी घेऊन आली, तरी त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"चल, देवळात उशीर होईल."

"मौसी, पण माझा सूर..."

"तुझा सूर बरोबर होता. आज तानपुरा तू मिळव."

देवळात चंपाने तारा जुळवल्या आणि षड्ज लावला. शकुंतलाबाईंना तो आजही चढाच ऐकू आला. सगळी सभा त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी मान हलवून दाद दिली, आणि गाणे संपेपर्यंत पदराखालची मूठ सोडली नाही.