दोन वर्षं सहज काढेल

रस्त्याच्या कडेला कुणी टाकून दिलेली खुर्ची दिसली, की काका गाडी थांबवायचे, खाली उतरून तिच्या पायावर बोटाने टकटक करायचे आणि म्हणायचे, "मजबूत आहे. दोन वर्षं सहज काढेल!"

दोन वर्षं, कारण दोन वर्षांत ते सांगलीला परत जाणार होते. त्यांची आई तिथे एकटी होती. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, आमच्या क्युपर्टिनोत तर 'दोन वर्षांत परत'वाले घरोघरी होते. पण काका ते अगदी मनापासून पाळायचे. "जायचंच आहे, तर नवीन कशाला?" घरातली एकूण एक वस्तू कुणाची तरी वापरलेली. नवीन म्हणाल तर फक्त दोन मोठ्या निळ्या बॅगा, परतीच्या.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि शेजारच्याच अपार्टमेंटमध्ये राहायचो, म्हणजे त्यांचा हक्काचा हमाल.

एकदा त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी घर बदलताना पियानो देऊ केला.

"काका, वाजवणार कोण?"

"अरे, फुकट मिळतोय! घेऊन टाकू."

"अहो, पण ठेवायचा कुठे?" काकू विचारत राहिल्या. चौघांनी तो जिन्यावरून वर चढवला. माझी कंबर आठवडाभर धरली होती.

मग सूर लावायला माणूस आला. सात वर्षांची लेक त्यावर बोटं फिरवू लागली, म्हणून शिकवणारी बाई आली. पोरगी वाजवायचीही गोड. खालचा भाडेकरू मात्र रोज छतावर काठी आपटायचा. शेवटी पियानोला मोकळी जागा हवी म्हणून काकांनी चक्क घर घेतलं.

"जाताना विकून टाकू रे," ते ओशाळून म्हणाले. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

सांगलीहून आईचं पत्र यायचं, 'कधी येतोस?' काका लेकीला विचारायचे, "आजीकडे राहायला जायचं ना?"

"बट बाबा, व्हॉट अबाउट माय पियानो?"

काका हसायचे. मला मात्र त्या पियानोचा राग यायचा, खरं सांगतो.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा काका हातात एक पिशवी घेऊन विमानात बसले. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेरावा करून परत आले.

मी भेटायला गेलो, तर दोन्ही निळ्या बॅगा दारात काढून ठेवलेल्या.

"घेऊन टाक. कोऱ्या आहेत."

जन्मात पहिल्यांदा ते कुणाला नवी वस्तू देत होते, आणि माझा हात पुढे होईना. आत लेक पियानो वाजवत होती. सवयीने त्यांनी बॅगेवर टकटक केलं, पण पुढचं वाक्य काही आलं नाही. म्हणाले, "तू तरी वेळेवर जा रे."

"हो काका. दोन वर्षांत," मी म्हणालो.

काका इथेच गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बॅगा माझ्या गॅरेजमध्ये आहेत. किल्ल्या अजून मुठीलाच बांधलेल्या आहेत.