यादीतलं कपाट

लेक वायरलेस नेटवर्किंगच्या परीक्षेला बसतेय. सरावासाठी घरीच छोटी प्रयोगशाळा मांडायची म्हणून ती सामानाची यादी करत होती. जुना राउटर, पुढे 'आहे'. ॲक्सेस पॉइंट, पुढे 'आणायचा'. मग लॅपटॉप हातावर धरून, कुठे किती सिग्नल येतो ते बघत ती घरभर फिरली. मधल्या खोलीत, तिच्या आईच्या लोखंडी कपाटामागे, सिग्नल पार नाहीसा झाला.

मला वाटलं, आता लेक कपाट हलवायला सांगणार. त्याच्या आरशावर माझ्या बायकोने आंघोळीआधी काढून चिकटवलेल्या टिकल्या अजून तशाच आहेत. ही गेल्यापासून मी आरसा पुसतो तो त्यांना वळसा घालूनच. माणूस गेल्यावर घरात अशी एखादी जागा उरते, तिथे आलं की बोलणं आपोआप थांबतं.

"बाबा, हे कपाट अजिबात हलवायचं नाही हं," लेक म्हणाली.

"का गं?"

"सगळीकडे सिग्नल मस्त आला तर मी शिकणार काय? अडणारी जागाही लागतेच की."

तिने यादीत शेवटी लिहिलं, 'आईचं कपाट'. जरा थांबली, आणि पुढे लिहिलं, 'आहे'.