पोट्ट्याला एक वर्ष बसवा

सुधाकरकाका काल सकाळी गेले.

त्याआधी रविवारी आमची टीम एकतीस-दहा हरली.

दोन्ही गोष्टी अपेक्षित होत्या.

काका मूळचे नागपूरचे. हाडांचे सर्जन. सत्तरच्या दशकात न्यू जर्सीत आले आणि इथल्या हाताने खेळायच्या फुटबॉलमधली सगळ्यात वाईट टीम त्यांनी आपली मानली. टीमचं नाव लिहीत नाही. इथल्यांना कळेल.

मी पिस्कॅटवेला शिकायला आले त्या वर्षी गणपतीच्या जेवणात ते शेजारी बसले होते. गाव, कॉलेज, आडनाव, काही विचारलं नाही.

"फुटबॉल बघतेस?"

"नाही काका."

"बरं आहे. अजून सुखात आहेस."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या सोफ्यावर होते. माझा रूममेट मंदार आधीच तिथे होता. त्यानंतर आम्ही दोघं तिथून फारसे उठलोच नाही.

आमचा खरा सण एप्रिलमध्ये. ड्राफ्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉलेजमधली नवी मुलं टीम्स पाळीपाळीने निवडतात. जी टीम सगळ्यात जास्त हरली, तिची पाळी आधी. त्यामुळे आम्हाला कधी फार थांबावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी निर्मलाकाकू पोहे करायच्या. "मुलगा बघायचाय ना," म्हणायच्या.

काका मुलाचे गुडघे बघायचे. मंदार त्याचा थ्रो. काकू बघायच्या की नाव पुकारल्यावर तो आधी आईला मिठी मारतो की फोन उचलतो.

काकूंचा अंदाज आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर आला.

वाद मात्र क्वार्टरबॅकवरूनच व्हायचा. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, आणि समोरची आडदांड माणसं त्यालाच पाडायला धावत असतात. आमची टीम दर दोन-तीन वर्षांनी नवा मुलगा आणायची, पहिल्याच मॅचला उतरवायची, तो मोडायचा, मग दुसरा आणायची.

काकांचं म्हणणं ठरलेलं. "पोट्ट्याला एक वर्ष बसवा. बघू द्या. पहिलं वर्ष मीसुद्धा ऑपरेशनमध्ये जखम उघडी ठेवायचा हुक नुसता धरून उभा होतो."

"काका, त्याला ऑपरेशन करायचं नाहीये," मंदार म्हणायचा. पण मत काकांनाच द्यायचा. नेहमी.

मी विरुद्ध बाजूला. खेळल्याशिवाय कोण शिकतं?

"मी ड्रायव्हिंग टर्नपाइकसारख्या हायवेवरच शिकले, काका."

"म्हणूनच मी तुझ्या गाडीत बसत नाही."

या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. त्यांनी आम्हाला बोलावून स्वतः सांगितलं, एखाद्या पेशंटच्या घरच्यांना सांगावं तसं.

"सीझन सुरू होईल तेव्हा मी असेन. संपेल तेव्हा बहुतेक नसेन."

मग म्हणाले, "ड्राफ्टला या मात्र."

आम्ही गेलो. पोहे होते. टीमने क्वार्टरबॅक घेतला. एकवीस वर्षांचा. उठल्या उठल्या त्याने आईला मिठी मारली.

"पास," काकू म्हणाल्या.

"गुडघे चांगले आहेत," काका म्हणाले. "आता बसवा."

मंदार खाली बघत म्हणाला, "नाही काका. याला पहिल्या मॅचपासून खेळवायला पाहिजे."

काकांनी मान वळवली. "तू कधीपासून तिच्या पार्टीत?"

"हा वेगळा आहे, काका."

"खेळू दे की त्याला," काकूही म्हणाल्या. त्यांनी क्वार्टरबॅकवर मत दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

काकांनी बशी खाली ठेवली.

"तुम्ही तिघं माझ्यासाठी त्या पोराचा गुडघा मोडणार का?"

टीव्हीवर दुसऱ्या टीमची निवड सुरू झाली.

"मी बघणार की नाही, हा क्रायटेरिया नाही," काका म्हणाले. "पोहे घ्या."

टीमने काकांचं ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एका वर्षापुरता एक म्हातारा क्वार्टरबॅक आणला आणि मुलाला बेंचवर बसवलं.

म्हातारा हरत राहिला. आम्ही बघत राहिलो. ऑक्टोबरमध्ये सोफा हलवून तिथे काकांसाठी हॉस्पिटलचा भाड्याचा पलंग आला. टीव्हीसमोरच.

गेल्या रविवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्टेडियम त्या मुलाचं नाव घेऊन ओरडायला लागलं. एकतीस-दहा झाले होते. आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलगा उठला. त्याने हेल्मेट घातलं. मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला.

मीही उभी राहिले. "काका, बघा. येतोय."

काका जागे होते.

कोचने म्हाताऱ्यालाच परत पाठवलं. मुलाने हेल्मेट काढलं आणि जाऊन बसला.

"बरोबर," काका म्हणाले.

"बरोबर काय, काका? एकतीस-दहा आहे."

"म्हणूनच. हरलेल्या मॅचमध्ये कशाला मोडून घ्यायचा."

मग त्यांनी डोळे मिटले. मंदारने आवाज कमी केला.

माझ्याशी त्यांचं तेवढंच शेवटचं बोलणं. फुटबॉलबद्दल. आमच्यात दुसरं काही फारसं बोललं जायचंही नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते.

मुलाने हेल्मेट घातलं, तेव्हा काकांचा हात उशीजवळ चष्मा शोधत होता. मी पाहिलं. काकूंनीही पाहिलं. त्यांनी चष्मा उचलून काकांच्या हातात दिला, तोवर मुलगा जाऊन बसला होता.

आज मंदार आणि मी काकूंकडे आहोत. पलंग न्यायला माणसं येऊन गेली. सोफा जागेवर ठेवला. कोपऱ्यातला टीव्ही बंद आहे.

काकूंनी विचारलं, "तो मुलगा पुढच्या वर्षी खेळेल ना रे?"

मंदार म्हणाला, "खेळेल, काकू. काका म्हणाले तसंच करतेय टीम."

खेळेल. कदाचित दहा वर्षं खेळेल. तुमचा मुद्दा बरोबर ठरेल, आणि मंदार मला तो दर रविवारी ऐकवेल.

तरी मला पटलेलं नाही, काका.

दोन मिनिटं तरी त्याला पाठवायला हवं होतं.

नमस्कार करते.