लावणीच्या दिवसांतला माझा पाय

भूत, करणी, अंगात येणं… यातलं काहीही मी कधी मानलं नाही. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास झालेली बाई आहे मी. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भगताचा पत्ता कळवू नये, ही विनंती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. जिल्हा कुलाबा, म्हणजे आताचा रायगड. बोर्ली पंचतनपासून दोन कोसांवर माझं सासर, घरची भातशेती. हे मुंबईला गिरणीत, आणि मी सासूबाई, धाकटे दीर आणि दोन वर्षांच्या मुलासोबत गावी.

आषाढात एका सकाळी चुलीपुढून उठायला गेले, तर उजवा हात-पाय लुळा! सगळे म्हणाले, लकवा. सासूबाईंनी तेल चोळलं, भगताने कोंबडा नेला. आठ दिवसांत हात आपोआप सुटला. पाय मात्र फरफटतच राहिला.

मग भावजींनी मला माणगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला उताणं झोपवलं, आजारी टाचेखाली स्वतःचा हात ठेवला आणि चांगला पाय वर उचलायला सांगितलं. मी उचलला, तशी आजारी टाच त्यांच्या हातावर जोरात दाबली गेली म्हणे. मला पत्ताही नव्हता.

ते म्हणाले, "मेंदूतली नस फुटलेली नाही, पायात ताकद आहे. पण हे ढोंगही नाही, बाई. पाय तुमच्या ताब्यातून सुटलाय. जमेल तसा वापरत राहा, परत येईल."

घरी काही दुःख आहे का, असंही त्यांनी विचारलं. मला राग आला. दुःख नाही असं घर असतं कुठे?

भावजींनी घरी येऊन निम्मंच सांगितलं — डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. झालं! मी ढोंगी ठरले. लावणी उरकली की मला कायमची माहेरी धाडायची आणि मुलाला इथेच ठेवायचं, असं ठरलं. यांचं पत्र आलं, आईला योग्य वाटेल ते करा. वा रे नवरा!

लावणीला मला बांधावर बसवलं होतं, पोरं सांभाळायला. बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. शेवटी डोकं फिरलं. बसल्या बसल्या घसरत चिखलात उतरले, रोपांची मूठ घेतली, ओणवी झाले आणि लावायला लागले.

लावणी करताना आपण मागे मागे सरकतो. मीही सरकले… आणि पाय आला! एक पाऊल, दुसरं, तिसरं. बांधापर्यंतची अख्खी पात लावली. मग आनंदाने वळून पुढे पाऊल टाकलं, ती थेट तोंडावर आपटले.

भावजी हसले. म्हणाले, "बघितलंत ना नाटक?"

सासूबाई चिखलातून माझ्याकडे आल्या, पदराने माझं तोंड पुसलं. "ढोंग करनारी बाय अशी पडंल काय रं? दात पडलं असतं तिचं." इतकंच बोलल्या.

मी उठले आणि गावातून उलटी चालत घरी आले. मुद्दाम, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या दिवसापासून गावात बोभाटा, हिला हडळ लागली, पाय उलटे झाले! अरे, पाय सरळच होते, चालणं उलटं होतं. पण बघतो कोण? मी रोज विहिरीपर्यंत उलटी जायची, मग आडवी पावलं टाकत यायची. पोरं ओरडायची, बायका वाट सोडायच्या. सोडू देत.

लावणी संपली आणि माझा भाऊ डोली घेऊन आला. पुढे चालणं अजून जमत नव्हतं. मी मुलाला कडेवर घेतलं, अंगणात उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, मी येत न्हाय. पाय गेलाय, पोर न्हाय गेलं."

भावजी मुलाला घ्यायला पुढे आले. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून मी मागे मागे पायऱ्या चढले आणि उंबरा ओलांडून आत गेले. सासूबाई दारात येऊन बसल्या. त्यांना ओलांडायची कुणाची छाती झाली नाही. डोली रिकामी गेली.

गणपतीपर्यंत मी पुढे चालू लागले. डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. असे रोगी असतात, ते म्हणाले, पण नेमकं का होतं ते मलाही सांगता येणार नाही. पाय का गेला, उलट्या चालीलाच का आला, मला आजही ठाऊक नाही. मुलगा माझ्याकडे राहिला तो मात्र कुणाच्या कृपेने नाही. तो मी ठेवला.