युकीबाईच्या गंजातली पेज

बंडी कलंडली तवा माह्या एका हातात पोरगी होती न दुसऱ्या हातात तांदळाचं गाठोडं, न पान्याच्या वर एकच हात धरता येत होता. मी गाठोडं सोडलं.

"वहिनी, तांदूळ! तांदूळ चाल्ला!" भाऊजी वरडले. भाऊजी म्हंजे माहे धाकटे दीर, बंडी तेच हाकून राह्यले होते. थंडीच्या दिवसांत खोब्रागडी नदीत पानी मांडीभरच असते, पन डाव्या चाकाखाली रेतीत खड्डा निघाला न सारं आडवं झालं. मी तांदळाकडं पाह्यलंच नाई. रमीच्या तोंडाकडं पाह्यलं. एवढी भिजली तरी ते रडली नाई. त्याचाच मले धाक होता. सव्वा वर्साची पोर, गोवर येऊन गेला तवापासून पोटात काही ठरत नव्हतं, न आता तिनं रडनं बी सोडलं होतं.

माहा मालक आलापल्लीकडं लाकूडकटाईवर गेला होता. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावाहून मिशनच्या दवाखान्यात जाले निघालो तवा सासूनं दोन गोष्टी सांगतल्या. जंगलातून उजेडातच चालजा. न तिथी किरिस्तावाच्या हातचं शिजलेलं खाऊ नको. दवा घेजा, आपली चूल मांडजा, आपला भात रांधजा. दवा चालते, शिजलेलं चालत नाई. आमच्या जातीत तसं कोनी खाल्लं तं पंच बाहेर टाकतेत, मंग लग्नाले कोनी बलावत नाई न मयताले कोनी खांदा देत नाई.

न आता रांधाले तांदूळच नव्हता. बंडीच्या दांडीले बांधलेली वास्त्यांची (बांबूच्या कोंबांची) सुकवलेली पुरचुंडी तेवढी वाचली.

पुढं सारं सागाचं रान. पानं गळून वाटेवर पडले होते, बैलाच्या पायाखाली पापडावानी वाजत. एका जागी बैल थबकले न नाक फेंदारलं. वाघाचं नाव न काढता भाऊजीनं बैलाची शेपटी पिळली. मी रमीच्या नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास येते का नाई ते पाहाले.

दवाखाना म्हंजे कौलाचं लंबं घर, दारावर लाकडाचा क्रूस. आतून एक बुटकी बाई निघाली. पांढरं लुगडं, बारीक डोळे. मले वाटलं इंग्रजीत बोलन, मी का करू? ते म्हने, "काऊन थरथरून राह्यली? आन, लेकरू आन इथी."

थेट आमच्या गावची बोली! दवाखान्यात येनाऱ्या बायकांपासूनच शिकली होती ते. कंपौंडरनं सांगतलं का हे युकीबाई, जपानची. आगबोटीनं आली, येशूचं काम म्हनून इथी राह्यते, देशाले गेलीच नाई.

युकीबाईनं रमीचं पोट दाबून पाह्यलं, दवा देल्ली न मले सामोर बसवून सांगतलं, "बाई, दवा रिकाम्या पोटात राहात नाई. दोन दिवसांत हिच्या पोटात अन्न ठरलं नाई तं माही सुई बी काही करनार नाई. समजलं?"

समजलं. मी तिच्यापासून कोरडा शिधा मांगून घेतला. कोरड्याले दोष नाई. तीन गोटे मांडले, पेज रांधली, रमीले भरवली. तिनं ओकली. सकाळी अजून रांधली. अजून ओकली. तिची मान माह्या दंडावर ओल्या फडक्यावानी पडून राह्यली.

मंग युकीबाई आली, हातात वाटी घेऊन. तिची बी पेजच होती. तिच्या देशात ओकायू म्हन्तेत, दुखन्यात सारे तेच खातेत. पन तिनं निखाऱ्यावर एवढा वेळ ठेवली होती की दाना डोळ्याले दिसे नाई न बोटाले लागे नाई. वरतं एक सुरकुतलेला खारा आवळा. तिकडं एक आंबट फळ असते, उमे म्हनून, ते मिठात घालून उन्हात सुकवतेत. इथी ते भेटत नाई, म्हनून तिनं आवळे घातले.

आता आयका. नेनत्या लेकराले बाट (जातीचा दोष) लागत नाई, हे माही सासूच म्हन्ते. रमीले भरवलं असतं तं कोनी बोललं नसतं. पन आमच्याकडं आई घास आधी आपल्या तोंडात घेते, मंग लेकराले देते. गरम असन, खारट असन, नजर लागली असन, ते आधी आपल्याले लागो. न चाखता भरवनं सावत्र आईचं काम.

भाऊजी पायरीवर बसले होते. म्हने, "वहिनी, इच्यार कर. मी पाह्यलं नाई असं म्हनाले मले जमनार नाई."

मी युकीबाईच्या हातची वाटी घेतली. म्हनली, "मंग पाहा, भाऊजी. चांगलं पाहा."

न मी घास घेतला. आधी काहीच नाई, निस्ता गरम, गोड. मंग आवळ्याचा खारटपना असा आला की कानामागं झिनझिनलं, न मले कळलं की दोन दिवस मी बी उपाशी आहो. मंग रमीच्या जिभेवर पेजेचं बोट ठेवलं. तिनं तोंड वाकडं केलं. डोळे मिटले. मंग जीभ टाळ्याले लावून टक् वाजवली, न तोंड उघडलं.

ते ओकली नाई.

बाटलीच आहो तं पोटभर बाटू, असं म्हनून मी मंग युकीबाईसंगच जेवाले बसाले लागली. ते आधी हात जोडून येशूचे आभार माने, मंग एवढ्या मजेनं खाय की पाहनाऱ्याले भूक लागे. एका मडक्यात तिनं शिजवलेले चने न बुरसी आलेला भात दाबून ठेवले होते. ते मिसो, त्याचं कालवन करे. मी म्हनली, "बाई, असा भात आमच्याकडं गाय बी खात नाई."

"गाय मूर्ख हाये," ते म्हने. "तू खाऊन पाहा."

सांगू? चांगलं लागते. आंबलेल्या डाळीवानी, पन खोल. तिच्या बहिनीनं डब्यात काळे कागद पाठवले होते, ते भाताले गुंडाळून खाय. समुद्रातलं शेवाळ म्हने. मी म्हनली, आमच्या बोडीत (तळ्यात) ढीग पडला हाये, टोपलीभर आनून देते. ते हसता हसता लोळली.

एक दिवस मी वास्ते भिजवून रांधले. वास आला तशी ते चुलीपाशी येऊन डोळे मिटून उभी राह्यली. मले वाटलं परार्थना करते. मंग हळूच म्हने, "ताकेनोको." त्यांच्याकडं बी बांबूचे कोंब खातेत. तिची आजी रांधे.

"माही आजी रोज सकाळी पहिला भात मेलेल्या आज्याच्या देव्हाऱ्यात ठेवे, मंग तोच आमाले वाढे," तिनं सांगतलं. "मी येशूची झाली न म्हनली, हा भात मी खानार नाई. आजी काही बोलली नाई. मले येगळ्या गंजात (भांड्यात) रांधून द्याले लागली. मी आगबोटीत बसली त्या दिवसापर्यंत येगळ्याच गंजात."

"मंग?"

"मंग ते मेली. मी इथीच होती." तिनं वाटीतला एक वास्ता उचलला. "आजीनंच तं रांधला होता तो भात, नाई का?"

मी तिच्या वाटीत अजून वास्ते वाढले.

भाऊजी इतके दिवस आपला करपलेला भात येगळा बसून खात होते. निघायच्या आदल्या दिवशी मी मागच्या दारी गेली तं युकीबाईचा गंज मांडीत धरून बोटानं चाटून राह्यले होते.

"धून ठेवत होतो," म्हने.

"जिभेनं?"

येताना युकीबाईनं खाऱ्या आवळ्यांची बरनी देल्ली. रोज एक फोड, पेजेत, पाऊस येईपर्यंत. नदी आली न भाऊजी म्हने, "वहिनी, हे बरनी सोडून दे इथी. तांदूळ वाहला तशी बरनी बी वाहली म्हनू. घरी तू बोलली नाई तं मी बी बोलत नाई. आपन दोघं बी वाचतो."

मी बंडीतून उतरली. रमीले कमरेवर घेतलं, बरनी डोक्यावर, न पायी नदी पार केली. यावेळी काहीच सोडलं नाई.

सासू सपरीत (ओसरीत) बसली होती, बाजूले जातीचे दोन म्हातारे पंच. तिनं रमीले घेतलं, मांडी चिमटून पाह्यली, न पदर डोळ्याले लावला. तिनं पेज रांधूनच ठेवली होती. भरवाले गेली, रमीनं मान फिरवली. अजून भरवाले गेली, अजून फिरवली. न रमीनं बोट केलं. बरनीकडं.

सासूनं इचारलं, "का हाये त्यात?" मंग म्हाताऱ्यांकडं पाहून, हळू, "तुवं तिथी काही खाल्लं नाई न, सूनबाई? नाई म्हन."

भाऊजी बैलाच्या शिंगांकडं पाहून राह्यले होते.

मी बरनी उघडली. आवळ्याची फोड आधी माह्या तोंडात टाकली, साऱ्यांच्या सामोर, चावली, न मंग उरलेली रमीच्या पेजेत कालवली. रमीनं टक् वाजवलं न तोंड उघडलं.

"खाल्लं, आत्या," मी सासूले म्हनली.

आता तुमीच सांगा बायांनो, तुमच्या कमरेवर हे पोर असती, तं तुमी का केलं असतं?